शून्याला देठ

आमच्या मैदानावर शून्य लिहीत नाहीत, भोपळा काढतात. मैदान शहराच्या कडेला, निव्वळ मुरमाचं. पडलं की गुडघ्याची साल गेलीच. तिथं गुणांचा फळा सांभाळणारे एक काका आहेत, पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. ज्या संघाचा एकही गोल झालेला नाही, त्याच्यापुढे ते खडूनं सुबक गोल ओढतात, वर वाकडा देठ काढतात आणि लहर आली तर देठाला एक पानही. पाहणारे फिदीफिदी हसतात. मी फुटबॉलची बाई झाल्यापासून काकांनी आमच्या नावापुढे इतके भोपळे काढले होते की त्यांचा हात चांगलाच बसला होता.

मी मूळची कबड्डीची. टेंभुर्णीजवळच्या वस्तीवर वाढले, शेणानं सारवलेल्या अंगणात भावांचे पाय ओढत खेळ शिकले. शाळेत खेळाची बाई म्हणून लागले तेव्हा मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, लहान मुलींचा फुटबॉल संघ माझ्या गळ्यात बांधला. कुणीतरी सोडून गेलं होतं आणि मी हाताशी होते, एवढंच. फुटबॉल मी मोबाइलवर बघून शिकले. पण अंगातली कबड्डी जाणार कुठं? "एकदा धरलं की सोडायचं नाही," हे मी पोरींना पहिल्याच दिवशी सांगितलं आणि त्यांनी ते जरा जास्तच मनावर घेतलं.

पोरी बहुतेक भवानी पेठेतल्या, मागावर टॉवेल विणणाऱ्या घरांतल्या. घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि भांडताना दखनी. त्यातली आमची दहा नंबर म्हणजे वेगळंच प्रकरण. काडीसारखी बारीक, ओठावर जुन्या जखमेचा व्रण, आणि नजर अशी की समोरच्यानं आधी स्वतःचे पाय तपासावेत. शाळा सुटली की तिला घरी मागासाठी कांड्या भरायला बसायचं असायचं. एकावर एक कांड्या, सूत आणि खडखडाट. मधला जो तास मैदानावर मिळायचा तो तिचा. त्या तासासाठी तिनं आईशी भांडण केलं होतं, आजीचा मार खाल्ला होता, आणि तरीही ती सगळ्यांच्या आधी येऊन उभी असायची.

म्हणून मोठ्या बाईंनी मला बोलावून जे सांगितलं ते मला फार लागलं. त्या वाईट नाहीत. रोज कुणाची ना कुणाची आई पोरीचा काळानिळा पाय घेऊन त्यांच्या दारात उभी राहायची. त्या म्हणाल्या, "किती दिवस मार खायला पाठवायचं? जिंका म्हणत नाही मी. या स्पर्धेत एक गोल करून दाखवा. एक. भोपळा फुटला तर संघ राहील. नाहीतर बॉल कपाटात आणि पोरी लेझमीत."

मी हे पोरींना तसंच्या तसं सांगितलं. गोड बोलणं मला जमत नाही. दहा नंबरनं बुटाची नाडी इतकी आवळली की तुटली.

पहिलाच सामना अकलूजकडच्या एका संघाशी पडला. त्या पोरी बसमधून उतरल्या तेव्हाच आमची गोलकीपर माझ्या मागे सरकली. उसाच्या पट्ट्यातल्या, दुधातुपावर वाढलेल्या, एकेकीची मांडी आमच्या एकीच्या कमरेएवढी. अंगावर नवे कोरे कपडे, पायात खिळ्यांचे बूट. बरोबर गावचे लोक आणि एक हलगीवाला. त्यांचे सर मात्र पोरसवदा, सौम्य, चष्मेवाले. येऊन मला नमस्कार केला. मला तो माणूस आवडला, आणि म्हणूनच पुढे जास्त राग आला.

पहिला गोल झाला तेव्हा आमच्या निम्म्या पोरी अजून ओढण्या खोचत होत्या. हलगी कडाडली. दुसऱ्या गोलाला त्यांची आडदांड पुढची पोर, सात नंबर, आमच्या चार नंबरला खांद्यानं उडवून गेली. चार नंबर तोंडावर आपटली, उठली तेव्हा दातांत मुरूम आणि हनुवटीवर रक्त. तिनं रक्त पुसलं नाही. पुढच्या वेळी तीच पोर जवळून गेली तेव्हा हिनं बॉलकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ नडगीवर लाथ घातली. आवाज मला कडेपर्यंत ऐकू आला. पंचानं पिवळं कार्ड दाखवलं. मी कडेवरून ओरडले, "बॉलला मार, बॉलला!" पण पोटात कुठंतरी मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या वेळी माझी शिकवण फळाला आली. त्यांची पोर गोलीला चकवून पुढे गेली, समोर रिकामा गोल. आमच्या गोलीनं मागून झेप घेतली आणि तिच्या घोट्याची अशी पकड केली की मी टेंभुर्णीच्या अंगणात असते तर टाळी वाजवली असती. पोर धाडकन पडली. गोली घोटा सोडीना. पंच शिट्टी वाजवतोय, लोक हसतायत, आणि ही जमिनीवर पालथी पडून माझ्याकडे बघून विचारतेय, "बाई, सोडू का?"

पेनल्टी. गोल. हलगी.

मध्यंतरापर्यंत फळ्यावर त्यांचे सहा झाले होते आणि आमच्यापुढे भोपळा. काकांनी आज पान पण काढलं होतं. पोरी पाण्याच्या पिंपाभोवती धापा टाकत होत्या. एकीच्या कोपराची सालटी लोंबत होती, एकीच्या नाकात कापूस. कुणी रडत नव्हतं. राग इतका होता की रडायला जागाच नव्हती. चार नंबर म्हणाली, "बाई, त्या सात नंबरचा पाय मोडू का?" मी म्हटलं, "मोडू नको." तेवढंच म्हटलं.

तेवढ्यात ते सर आले. हात पुढे बांधलेले. "मॅडम, पोरी लई चिडल्यात. आमी जरा हळू घेतो आता. फरक लई झाला की असंच करायचं असतं, आम्हाला शिबिरात शिकवलंय."

मी म्हटलं, "तुमच्या पोरी, तुमचा खेळ. मला कशाला विचारता?"

ते समजून हसले. चांगल्या मनानं हसले. कुणीतरी त्यांना मोठ्या बाईंची अट सांगितली होती, हे मला नंतर कळलं. आमच्याच पोरींपैकी कुणीतरी पाणी पिताना बोलली असेल.

उत्तरार्धात त्यांनी गोल मारणं बंद केलं. बॉल आपसांत फिरवायला लागल्या. हिच्याकडून तिच्याकडे, तिच्याकडून मागे, मागून पुढे, तेही डाव्या पायानं. आमच्या पोरी मध्ये धावतायत, आंधळी कोशिंबीर खेळावी तशा. अकलूजच्या लोकांना गंमत वाटली. ते मोठ्यानं पास मोजायला लागले. "एक! दोन! तीन!" हलगीवाल्यानं प्रत्येक पासला एक ठोका द्यायला सुरुवात केली. दहाच्या वर गेले की टाळ्या.

भीक नको पण कुत्रं आवर, असं झालं मला. गोल मारत होत्या तेव्हा निदान आमच्याशी खेळत होत्या. आता त्या आमच्याशी खेळत नव्हत्या, आम्हाला खेळवत होत्या. कबड्डीत आम्ही लोणावर लोण चढवायचो, समोरच्याला एक गुण सोडायचो नाही, आणि सामना झाला की एकाच किटलीतला चहा प्यायचो. कुणाला वाईट वाटायचं नाही. हे काहीतरी दुसरंच होतं. माझे हात शिवशिवायला लागले.

पोरींचे पण शिवशिवत होते. आमच्या सहा नंबरनं एकीची वेणी धरून तिला गरकन फिरवलं. चार नंबरनं डोकं त्या सात नंबरच्या पोटात घातलं आणि ती दुमडून खाली बसली. आता पंचानं चार नंबरला लाल कार्ड दिलं. ती बाहेर येताना पाण्याचं पिंप लाथेनं पाडून आली. सगळं पाणी मुरमात गेलं. मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिला जवळ ओढून धरलं.

आणि मग ते झालं.

दहा नंबरला मैदानाच्या मधोमध बॉल मिळाला. कसा मिळाला ते मी बघितलं, त्यांच्या पोरीनं तो तिच्या पायासमोर नुसता ठेवला. दहा नंबर सुटली. तिच्या पुढ्यात दोघी होत्या. एक उजवीकडे सरकली, एक डावीकडे. त्यांची गोली पुढे येईल असं मला वाटलं, तर ती चक्क गोलाच्या खांबापाशी जाऊन उभी राहिली, हात पाठीमागे. दार उघडून पाहुण्याला आत घ्यावं तशी.

मला काही दिसत नव्हतं. मला फक्त रिकामा गोल दिसत होता, आणि कपाट, आणि बॉल, आणि पुढच्या वर्षी याच मैदानावर उभी असलेली ही पोर. मी ओरडले, "मार! मार गं! मार!" आमच्या सगळ्या पोरी ओरडत होत्या. बाहेर बसलेली चार नंबर ओरडत होती. अकलूजचे लोकसुद्धा ओरडत होते, "मार की पोरी!"

दहा नंबर गोलाच्या रेषेपर्यंत गेली आणि बॉलवर पाय ठेवून थांबली.

खांबापाशी उभी असलेली गोली हसून म्हणाली, "घे की. तुज्यासाटीच सोडलाय."

दहा नंबरनं तिच्याकडे बघितलं. मग एकच शब्द बोलली, थुंकल्यासारखा. "एंगिली."

आमच्या पोरींचं ओरडणं एकदम बंद झालं. मला शब्द कळला नव्हता. मी शेजारी उभ्या पोरीला विचारलं, "काय म्हणाली?"

"उष्टं, बाई," ती म्हणाली. "उष्टं म्हणाली."

दहा नंबरनं बॉल सरळ हातात उचलला. पंचाची शिट्टी वाजली, तिनं मान वळवली नाही. बॉल काखेत घेऊन ती मैदानाच्या मध्यापर्यंत चालत आली, तो वर्तुळात ठेवला आणि त्यांच्या संघाकडे बोट केलं. "आमी कुणाच्या ताटातलं खात न्हाय. मारायचं तर मारा. तेरा मारा, चौदा मारा. आमी हितंच हाय."

त्यांच्यातली ती आडदांड पोर म्हणाली, "मग घिऊन जा की भोपळा. भाजी करून खा."

पुढचं मी क्रमानं सांगू शकत नाही. दहा नंबरनं तिच्या नाकावर ठोसा मारला हे नक्की. तिनं हिला उचलून आपटलं हेही नक्की. मग बाहेरच्या, आतल्या, सगळ्या पोरी एकात एक. केस, ओढण्या, नखं. कुणाचातरी बूट हवेत उडाला. मी सोडवायला घुसले आणि माझ्या तोंडावर एक कोपर बसलं. ओठ फाटला, तोंडात खारट चव आली. ती चव लागली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोर ते सर होते, ते पण सोडवायलाच आले होते. मी त्यांची कॉलर धरली.

"दान करता काय? आमच्या पोरींना दान करता?"

त्यांचा चष्मा खाली पडला. "मॅडम, मी चांगल्यासाटी केलं. तुमचा संघ बंद पडू नये म्हणून."

त्या क्षणी मला ती अट त्यांना माहीत होती हे कळलं. मी कॉलर सोडली नाही. त्यांना मारावंसं वाटत होतं आणि दहा नंबरलाही मारावंसं वाटत होतं. एक गोल, माझे आई! डोळे मिटून मारला असतास तर काय झालं असतं? उष्टं तर उष्टं, पोट तर भरलं असतं.

पंचानं दोघींना बाहेर काढलं: त्यांची आडदांड आणि आमची दहा नंबर. सामना थांबवायचा का म्हणून त्यानं विचारलं. मी तोंड पुसत "नाही" म्हटलं. सर चष्मा शोधत होते. तो सापडला तेव्हा त्याची एक काच गेली होती. त्यांनी तो तसाच डोळ्यांवर चढवला, आपल्या पोरींना जवळ बोलावलं आणि म्हणाले, "आता पूर्ण खेळायचं. हातचं राखायचं न्हाय."

आणि त्यांनी राखलं नाही. शेवटची ती मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. बॉल तोफेसारखा येत होता. आमच्या गोलीनं एक चेहऱ्यावर घेतला, एक पोटावर, उठली, पुन्हा उभी राहिली. आमच्या पोरी अंगावर धावून जात होत्या, उडत होत्या, सरपटत परत येत होत्या. त्यांच्या पोरींनी पण मार खाल्ला. पण आता कुणी पास मोजत नव्हतं. हलगीवाल्यानंही मध्येच वाजवायचं थांबवलं आणि उभा राहून बघायला लागला. आणखी पाच गोल झाले. अकरा-शून्य.

काका फळ्यापाशी गेले. अकरा लिहिले. आमच्यापुढचा भोपळा त्यांनी ओल्या फडक्यानं पुसला आणि पुन्हा काढला. साधा गोल. देठ नाही, पान नाही. मग फडकं झटकलं आणि चहा प्यायला निघून गेले.

सोमवारी मोठ्या बाईंच्या खोलीत मी सुजलेला ओठ घेऊन उभी राहिले. "भोपळा फुटला?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "गोल समोर होता आणि मारला नाही? मग मी काय करू, तुम्हीच सांगा." त्यांनी बॉल कपाटात ठेवायला लावले आणि किल्ली आपल्या टेबलाच्या खणात टाकली. दुसऱ्या दिवसापासून पोरी लेझीम खेळायला लागल्या. दहा नंबर लेझीम अशी हाणायची की शेजारच्या पोरी दोन हात लांब उभ्या राहायच्या.

मी तिच्याशी बोलत नव्हते. सरळ सांगायचं तर मी तिच्यावर चिडलेले होते. एकदा व्हरांड्यात तिला अडवून म्हटलं, "तुझ्या एका शब्दापायी सगळ्यांचं गेलं. कळतंय का?"

तिनं मान वर केली. "कळतंय बाई." डोळ्यांत पाणी होतं, पण आवाजात नव्हतं. "तुमी खाल्लं असतं?"

घंटा झाली म्हणून मी वर्गावर गेले.

पुढे काही आठवड्यांनी भवानी पेठेत टॉवेल घ्यायला गेले होते. एका बोळात मागांच्या खडखडाटावरून पोरींचा आरडाओरडा ऐकू आला. वळून बघते तर फुटबॉल चालला होता. बॉल म्हणजे मागावरच्या वाया गेलेल्या सुताचा गोळा, वर चिंध्या घट्ट बांधलेल्या. गोल म्हणजे दोन विटा. एका बाजूला दहा नंबर एकटी, दुसऱ्या बाजूला गल्लीतल्या सहा-सात चिमुरड्या, फ्रॉकवाल्या. ती त्यांना चोपत होती. खरंच चोपत होती. ढकलत होती, पाडत होती, गोलावर गोल मारत होती. भिंतीवर कोळशानं तिच्या गोलांच्या रेघा होत्या आणि चिमुरड्यांच्या बाजूला एक भोपळा. त्याला देठ होता.

सगळ्यात धाकटी विटांमध्ये उभी राहून मुसमुसत होती. मला राहवलं नाही. मी ओरडले, "अगं, लहान आहेत त्या! एक तरी दे त्यांना!"

दहा नंबर थांबली. मला बघून तिनं कपाळावरचा घाम पुसला. "त्यांनी काय पाप केलंय बाई," ती म्हणाली, "उष्टं खायला?" आणि बॉल घेऊन पुन्हा सुटली.

तेव्हा ती मुसमुसणारी धाकटी विटांमधून निघाली आणि तिनं सरळ जमिनीवर उडी घेतली. दोन्ही हातांनी दहा नंबरचा घोटा धरला, दातही लावले. दहा नंबर फरशीवर अशी आपटली की कोपरातून रक्ताची धार लागली. बाकीच्या पोरींनी तिला तुडवत बॉल पळवला आणि बोळाच्या त्या टोकाला तिच्या विटांमधून लाथाडला. एकच गिल्ला झाला. माग चालवणारे लोक दारात आले.

दहा नंबर पडल्या पडल्या हसत होती. मी तिला इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. धाकटीनं अजून घोटा सोडला नव्हता. दहा नंबरनं माझ्याकडे बघून विचारलं, "बाई, फाऊल हाय का हे?"

नियमानं फाऊल होता. ते मला आता चांगलं माहीत होतं.

"नाही," मी म्हटलं. "गोल."

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी मी मोठ्या बाईंच्या टेबलासमोर जाऊन हात पुढे केला आणि कपाटाची किल्ली मागितली.

"कशाला?" त्या म्हणाल्या. "भोपळा फुटला का?"

"फुटला. मी डोळ्यांनी पाहिला."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "कुणाविरुद्ध?"

"आमच्या दहा नंबरविरुद्ध," मी म्हटलं, आणि हात तसाच पुढे धरून उभी राहिले.